घरचे नेटवर्क : एक प्रिंटर, सगळ्यांच्या फाइल

घरात ब्रॉडबँडसोबत राउटर आला की नेटवर्क तयार झालेलेच असते. लॅपटॉप, डेस्कटॉप, मोबाइल, टीव्ही, वाय-फाय प्रिंटर अशा प्रत्येक उपकरणाला राउटर एक आयपी पत्ता देतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. हे पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. इंटरनेटवर ते चालत नाहीत. त्यामुळे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फाइल न्यायला इंटरनेट लागतच नाही. फायबरची केबल तुटली, महिन्याचा डेटा संपला, तरी राउटरला वीज आहे तोवर घरातल्या घरात फाइल जातात आणि कागद छापले जातात. तरीही मुलीच्या प्रकल्पाची फाइल व्हॉट्सॲपवरून दूरच्या सर्व्हरला जाऊन पलीकडच्या टेबलावर येते, नाहीतर पेनड्राइव्हची शोधाशोध होते. त्यातही पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो.

फाइल शेअर करण्यासाठी विंडोज एसएमबी नावाचा प्रोटोकॉल वापरते. त्याची सुरुवात १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी केली. पुढे मायक्रोसॉफ्टने तो वाढवला. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी लिहायला घेतलेल्या साम्बा या मुक्त सॉफ्टवेअरमुळे लिनक्सलाही तो कळू लागला. ॲपलने २०१३ साली मॅकवर त्यालाच पहिली पसंती दिली आणि २०१९पासून आयफोनचे ‘फाइल्स’ ॲपही तो वापरू शकते. म्हणजे घरात वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे असली तरी बिघडत नाही. विंडोज ७ सोबत आलेली ‘होमग्रुप’ ही सोय मात्र २०१८मध्ये विंडोज १०मधून काढून टाकण्यात आली. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत ती अजून सापडते, पण तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

ज्या संगणकावरच्या फाइल इतरांना द्यायच्या, त्याला आधी ओळखता येईल असे नाव द्यावे. नाव इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता आणि १५ अक्षरांच्या आत असावे. मग सेटिंग्जमध्ये जाऊन घरच्या वाय-फायचा प्रकार ‘प्रायव्हेट’ करावा. विंडोज नव्या नेटवर्कला सहसा ‘पब्लिक’ समजते आणि तसे समजले की आपला संगणक इतरांपासून लपवते. रेल्वे स्थानकावरच्या किंवा हॉटेलातल्या वाय-फायवर हेच योग्य असते, म्हणून बदल फक्त घरच्या नेटवर्कपुरता करावा. त्यानंतर ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ही दोन बटणे चालू करावीत.

आता फोल्डर. संपूर्ण डी ड्राइव्ह शेअर करून मोकळे होण्याचा मोह होतो, तो टाळावा. ‘घरासाठी’ असा एक वेगळा फोल्डर करून त्यात फोटो, बिले, शाळेची कागदपत्रे असे जे सर्वांचे आहे तेवढेच ठेवावे. फोल्डरवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमधील शेअरिंगच्या भागात तो शेअर करता येतो. इथे परवानग्यांचे दोन थर असतात आणि बहुतेकांची गाडी याच जागी अडते. पहिली परवानगी शेअरची, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्यासाठी. दुसरी ‘सिक्युरिटी’ या भागातली, म्हणजे डिस्कवरच्या त्या फोल्डरची. आवाराचे फाटक उघडे असले तरी खोलीचे दार बंद असेल तर पाहुणा बाहेरच राहतो, तसे या दोन्हींपैकी जी अधिक कडक तीच चालते. शेअरमध्ये पूर्ण अधिकार दिले, पण सिक्युरिटीमध्ये फक्त वाचण्याची मुभा असली, तर समोरच्याला फाइल दिसेल, उघडेल, पण जतन होणार नाही. फोटोंच्या संग्रहासाठी वाचण्याची मुभा पुरेशी असते. लिहिण्याचा अधिकार ज्याला खरोखर लागतो त्यालाच द्यावा.

यानंतर दुसऱ्या संगणकावर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत \\ ही खूण, तिच्यापुढे पहिल्या संगणकाचे नाव असे लिहिले की शेअर केलेले फोल्डर दिसतात. मॅकवर किंवा आयफोनवर ‘कनेक्ट टू सर्व्हर’ निवडून तेच नाव द्यावे. रोज लागणाऱ्या फोल्डरला झेड किंवा वाय असे ड्राइव्हचे अक्षर देऊन ठेवले की तो घरच्याच डिस्कसारखा वापरता येतो.

पहिल्यांदा जोडताना नाव आणि पासवर्ड विचारला जातो. हा पासवर्ड फाइल देणाऱ्या संगणकावरच्या खात्याचा असतो, समोर बसलेल्या माणसाच्या लॅपटॉपचा नव्हे. रोज संगणक उघडताना टाकायचा चार-सहा आकडी पिन इथे चालत नाही. मायक्रोसॉफ्टचे खाते असेल तर त्याचा मूळ पासवर्ड लागतो आणि तो अनेकांना आठवत नाही. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. यावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे देणाऱ्या संगणकावर शेअरिंगसाठी एक वेगळे स्थानिक खाते काढून त्याला चांगला पासवर्ड देणे आणि घरातल्या प्रत्येक यंत्रावर तो एकदा साठवून ठेवणे. पासवर्डची अट काढून टाकण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो मानू नये.

सगळे करूनही दुसरा संगणक दिसत नसेल, तर कारण बहुधा साधे असते. देणारा संगणक झोपलेला, म्हणजे ‘स्लीप’मध्ये असतो. किंवा एक यंत्र पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वाय-फायवर असते. त्या नेटवर्कवरची यंत्रे एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. आपल्याकडे तिसरे कारणही वारंवार आढळते. ब्रॉडबँड कंपनीच्या फायबर-डब्याचे एक वाय-फाय असते आणि घरच्यांनी दुकानातून आणलेल्या राउटरचे दुसरे. त्यातून एका घरात दोन नेटवर्क तयार होतात, आणि दिवाणखान्यातला लॅपटॉप आतल्या खोलीतल्या डेस्कटॉपला शोधू शकत नाही. अशा वेळी दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ पद्धतीवर ठेवावा. वेगाचे गणितही याच ठिकाणी ध्यानात घ्यावे. स्वस्त राउटरच्या केबलच्या खाचा बहुधा १०० एमबीपीएसच्या असतात. त्यावरून ४ जीबीचा व्हिडिओ जायला सहा मिनिटांच्या आसपास लागतात. गिगाबिट खाचांवरून तेच काम साधारण पाऊण मिनिटात होते.

प्रिंटरचे दोन मार्ग आहेत. यूएसबीने जोडलेला प्रिंटर त्या संगणकाच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधून शेअर करता येतो, पण तो संगणक चालू असेल तरच इतरांना छापता येते. विंडोजच्या या सोयीतून छपाई होते. त्याच यंत्रातला स्कॅनर मात्र शेअर होत नाही. शिवाय २०२१मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेले छपाई-यंत्रणेतले दोष उघडकीस आल्यावर, नेटवर्कवरून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागू लागले. म्हणून पहिली जोडणी ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यावरून करावी.

वाय-फाय प्रिंटर थेट राउटरला जोडला जातो, त्यामुळे कुठलाही संगणक चालू ठेवावा लागत नाही. नवा प्रिंटर घेताना हाच घ्यावा. ॲपलची २०१०पासूनची एअरप्रिंट आणि अँड्रॉइडमधली छपाईची सोय यांमुळे फोनवरूनही कागद निघतो. घरगुती प्रिंटर अनेकदा २.४ गिगाहर्ट्‌झच्याच वाय-फायवर चालतात. ते ५ गिगाहर्ट्‌झवर जोडण्याचा प्रयत्न फुकट जातो. महिन्याभराने प्रिंटर अचानक ‘ऑफलाइन’ दिसू लागला, तर राउटरने त्याला नवा आयपी पत्ता दिला असण्याची शक्यता मोठी. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला की ही कटकट संपते.

मराठी मजकुराच्या बाबतीत एक वेगळी अडचण येते. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला अर्ज शेअर केलेल्या फोल्डरमधून दुसऱ्या संगणकावर उघडला आणि तिथे तो फाँट नसला, तर अक्षरांऐवजी निरर्थक खुणा दिसतात आणि छापूनही तशाच निघतात. दोष नेटवर्कचा नसतो. ज्या यंत्रावर फाँट आहे तिथेच फाँट समाविष्ट केलेली पीडीएफ करून ती फोल्डरमध्ये ठेवावी.

सुरक्षेकडे लक्ष देण्याचे कारण इतिहासातच आहे. मे २०१७मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या व्हायरसने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीतून एका संगणकावरून दुसऱ्यावर उड्या मारल्या आणि फाइल कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. ती जुनी आवृत्ती आता विंडोज आपणहून बसवत नाही. काही जुन्या राउटरांच्या यूएसबी खाचेला लावलेली डिस्क मात्र तिच्याशिवाय दिसत नाही. अशा डिस्कसाठी ती पुन्हा चालू करण्यापेक्षा डिस्क संगणकाला लावणे बरे. राउटरवरून एसएमबीचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट बाहेरच्या जगासाठी कधीही उघडू नये; परगावाहून घरच्या फाइल हव्या असतील तर व्हीपीएनचा मार्ग घ्यावा. लिहिण्याचा अधिकार असलेल्या एका लॅपटॉपला खंडणीखोर व्हायरस लागला, तर सामायिक फोल्डरही त्याच्या तावडीत सापडतो. म्हणून त्या फोल्डरची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर काढावी आणि ती डिस्क प्रत निघाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी.