बेहड्याचा वृक्ष, धनेशाची ढोली आणि आपले त्रिफळा चूर्ण

त्रिफळ्यातील तीन द्रव्यांपैकी आवळ्याची लागवड आता मोठ्या प्रमाणावर होते. हिरडा व बेहडा मात्र आजही मुख्यतः वनातूनच येतात. द्रव्य स्वीकारताना आपण रस, वीर्य, विपाक जाणतो. फार तर ओलावा व भेसळ तपासतो. ते फळ देणारा वृक्ष कोठे उभा आहे, कोणाच्या मालकीचा आहे आणि तो कोणकोणाला पोसतो, हा प्रश्न सहसा द्रव्यगुणाच्या कक्षेबाहेरचा मानला जातो. आमच्या मते तो तसा नाही. प्रस्तुत लेखात बिभीतकापुरता हा विचार मांडत आहोत.

सह्याद्रीतील जुना बिभीतक वृक्ष उंच आणि भरघोस बुंध्याचा असतो. मोठी फांदी मोडून ती जागा कुजली की कालांतराने तेथे ढोली तयार होते. अशा ढोलीत मोठा धनेश आणि कवड्या धनेश हे पक्षी घरटे करतात. कोकणात धनेशाला ‘गरुड’ असेही म्हणतात. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. त्यास जुना, पोकळ झालेला वृक्षच लागतो. मादी ढोलीत शिरून विष्ठा, माती इत्यादींनी दार लिंपून घेते आणि एका फटीतून नर तिला व पुढे पिल्लालाही फळे भरवितो. हा काळ काही महिन्यांचा असतो. तीच ढोली वर्षानुवर्षे वापरली जात असल्याने एक वृक्ष पडला म्हणजे एका जोडीचे प्रसूतिगृहच गेले. मोठा धनेश २०१८ पासून जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गणला जातो. वड, उंबर तसेच रानजायफळाच्या कुळातील वृक्षांचे बीज दूरवर नेणारा हा पक्षी आहे, हेही वैद्याने विसरू नये. झाडाखाली गळालेली बेहड्याची फळे भेकरासारखे प्राणी खातात, ती गोष्ट वेगळीच.

निघंटूंत बिभीतकास ‘भूतवास’ व ‘कलिद्रुम’ असे पर्याय आहेत. वृक्षात भूत असल्याच्या भयाने कुऱ्हाड थांबत असेल, तर त्या समजुतीला हसावयाचे कारण आम्हांस दिसत नाही.

आता मात्र कुऱ्हाड सहज चालते. बेहड्याचे लाकूड टिकाऊ नाही. ते खोक्यांच्या फळ्या व सरपण यांतच जाते. रत्नागिरी जिल्ह्यात बहुतांश झाडी खासगी मालकीची आहे. ठेकेदार उभी झाडी एकगठ्ठा विकत घेतो, तेव्हा शतायुषी बेहडाही सरपणाच्या भावाने मोजला जातो. फळाचे मोल मालकाच्या हाती पडत नसेल, तर तो वृक्ष राखील कशासाठी?

या प्रश्नावर पुण्याच्या अप्लाईड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाऊंडेशनने काम केले आहे. कोकणातील जमीनमालक व भीमाशंकर परिसरातील महादेव कोळी संग्राहक यांच्यासह या संस्थेने हिरडा-बेहड्याचे ‘फेअरवाइल्ड’ मानकानुसार संकलन उभे केले. फांद्या न तोडणे, काही फळे वन्यप्राण्यांसाठी व बीजप्रसारासाठी सोडणे, संग्राहकास रास्त मोबदला देणे ही त्याची मुख्य अंगे होत. ब्रिटनमधील पुक्का हर्ब्ज ही कंपनी या मालाची ग्राहक झाली. त्रिफळा आपले, आणि झाडाची चौकशी करणारा ग्राहक परदेशी! आपल्यापैकी किती जण अडत्यास असे प्रश्न विचारतात?

भाव वाढला म्हणजे वृक्ष वाचलाच, असेही नव्हे. फळ सर्व वर्षी सारखे येत नाही. केवळ वजनावर पैसे मिळू लागले की कच्ची फळे झोडपणे व फांद्या छाटणे सुरू होते. म्हणून भावासोबत अटी हव्यात, आणि त्या आपल्या गुणवत्तेच्या आग्रहाशी जुळणाऱ्याच आहेत. आपणास पक्व फळाची फलत्वचा हवी, बीज नको. फळ वाळवून, फोडून, बी वेगळी करण्याचे काम गावातच झाले तर ती मजुरी गावात राहते आणि बुरशीचा माल औषधालयात पोहोचण्यापूर्वीच वगळता येतो. वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ अन्वये ज्या ग्रामसभांना गौण वनोपजाचा हक्क मिळाला आहे, त्यांच्याकडून थेट खरेदीही शक्य आहे.

एकट्या औषधालयाची मागणी लहान असते, हे खरे. परंतु एकाच तालुक्यातील पाच-सहा औषधालयांनी आपली वर्षाची एकत्रित गरज फळे पिकण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, एखाद्या गावास कळविल्यास वाळवणीची व साठवणीची सोय वेळेत करता येते. मागणीपत्रात तीन नोंदी आवर्जून मागाव्यात: गाव, संकलनाचा महिना, आणि फळ वेचलेले की झोडपलेले.