धूर आणि धूळ यांचा आकाशातून माग

हवेत तरंगणारे कण उपग्रहाला सुटे सुटे दिसत नाहीत. त्याच्या संवेदकापर्यंत पोचतो तो पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश आणि जमीन, समुद्र व ढग यांनी बाहेर टाकलेली उष्णता. वाटेतल्या कणांनी या दोहोंत जो फरक घडवला असेल, त्यावरून ते कण कशाचे आहेत, किती आहेत आणि कोणीकडे निघाले आहेत, हे ताडावे लागते. अशा तरंगत्या कणांना एरोसॉल म्हणतात.

समुद्रावर हे काम त्यातल्या त्यात सोपे असते, कारण पाण्याच्या काळसर पृष्ठभागावरून सरकणारा धुळीचा पट्टा साध्या छायाचित्रातही उठून दिसतो. जानेवारी २०२२ मध्ये कराचीच्या बाजूने सुटलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून आली आणि २३ तारखेला मुंबईवर पांढुरका पडदा पसरला, तेव्हा ती धूळ शहरातली नसून शेकडो किलोमीटरवरून आलेली आहे, हे उपग्रहचित्रांतून स्पष्ट झाले. वाळवंटावर मात्र हीच युक्ती निरुपयोगी ठरते. तिथे वर उडालेली धूळ आणि खालची वाळू सारख्याच उजळ असतात.

त्यावरचा एक उपाय ओझोनच्या अभ्यासातून निघाला. १९७८ मध्ये सोडलेल्या निंबस-७ या उपग्रहावर ओझोन मोजण्यासाठी अतिनील किरण टिपणारे उपकरण बसवलेले होते. हवेचे रेणू हे किरण मोठ्या प्रमाणावर विखुरतात, पण धूळ आणि धूर त्यांतला काही भाग शोषून घेतात, त्यामुळे असे कण जिथे दाट असतील तिथे अतिनील प्रकाश अपेक्षेपेक्षा कमी परततो. ही तूट वाळवंटावरही ओळखता येते, हे त्या नोंदींच्या पुढील विश्लेषणातून लक्षात आले. दुसरा उपाय उष्णतेच्या, म्हणजे अवरक्त, किरणांचा. खनिज धूळ सुमारे ११ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण १२ मायक्रॉनच्या किरणांपेक्षा अधिक शोषते आणि हिमकणांच्या ढगांचे वर्तन नेमके उलट असते, त्यामुळे दोन मोजमापांच्या वजाबाकीतून ढग आणि धूळ वेगळे करता येतात, आणि तेही रात्रीच्या अंधारात. धुराचे कण इतके बारीक असतात की हे किरण बहुतांशी त्यांच्यातून आरपार जातात. म्हणूनच धुळीचे लोट रात्रीही दिसत राहतात, पण धुराचा माग सूर्यास्तानंतर बराचसा तुटतो.

कण किती उंचीवर आहेत, हे वरून काढलेल्या चित्रातून नीट कळत नाही. त्यासाठी २००६ ते २०२३ या काळात कॅलिप्सो उपग्रहाने लेसरचे झोत खाली सोडून त्यांच्या परतीची वेळ मोजली. ऑस्ट्रेलियातील २०१९-२० च्या वणव्यांचा धूर स्थितांबरात शिरला, त्याचा सुमारे १,००० किलोमीटर रुंदीचा एक भोवरा तयार झाला आणि तो सुमारे ३५ किलोमीटर उंचीपर्यंत चढला, ही थक्क करणारी गोष्ट अशा मोजमापांतूनच उलगडली. उंचीचा प्रश्न माणसाच्या श्वासाशीही जोडलेला आहे. उपग्रह मोजतो ती संपूर्ण वातावरणस्तंभाची धूसरता; तोच धूर चार किलोमीटरवरून गेला तर खालच्या गावाला फारसे जाणवत नाही, आणि जमिनीलगत अडकला तर रुग्णालये भरतात. त्यामुळे जमिनीवरची मोजमाप केंद्रे वाढवणे उपग्रहांच्या युगातही अत्यावश्यक आहे.

वेळेचा प्रश्न पंजाब-हरियाणात सर्वांत तीव्रपणे पुढे आला आहे. भातकापणीनंतर शेतात उरलेली धसकटे पेटवली की उठणारी आग अवरक्त संवेदक टिपतात, आणि ती संवेदकाच्या ३७५ मीटरच्या एका चौकटीहून पुष्कळ लहान असली तरी तिच्या प्रखर उष्णतेमुळे ओळखू येते. मात्र आगींच्या मोजणीचा मुख्य आधार असलेले ध्रुवीय कक्षेतील उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात, आणि त्यानंतर लागून संध्याकाळपर्यंत विझलेली आग त्यांच्या नोंदीत येत नाही. कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाची, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याबरोबर फिरून एकाच प्रदेशावर सतत नजर ठेवणाऱ्या उपग्रहाची, चित्रे पाहून नासातील शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी २०२४ मध्ये दाखवून दिले की आगी लावण्याची वेळ दुपारनंतर सरकली आहे. म्हणून केवळ नोंदल्या गेलेल्या आगींचा आकडा घटला, एवढ्यावरून जाळणे कमी झाले असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे; त्या आकड्यासोबत जळून काळ्या पडलेल्या क्षेत्राचे मोजमाप आणि हवेतील धुराचा भार हेही तपासले गेले पाहिजेत.