निरंक

आमच्या खात्यात 'संपलं' म्हणत नाहीत, 'निरंक' म्हणतात. मासिक अहवालाच्या रकान्यांत हा शब्द मी तीसेक वर्षं लिहिला. 'सर्पदंशाने मृत्यू : निरंक' लिहिताना बरं वाटायचं. 'साठा : निरंक' लिहिताना पेन अडायचं.

कोकणातल्या तीस खाटांच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी औषध निर्माण अधिकारी होते. पद एवढं भारदस्त, पण गावाला मी गोळ्यावाली बाई. खिडकीतून गोळ्या देणं लोकांना दिसतं. त्यामागची खोली दिसत नाही. तिथे लोखंडी मांडण्या, भिंतीची ओल खोक्यांना लागू नये म्हणून खाली लाकडी फळ्या, आणि टेबलावर साठा नोंदवही. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे, नवं आलेलं मागे. घरात आपण तांदूळ वापरतो तसंच. जुना डबा आधी उघडायचा.

रुग्णालयात औषध नसलं की लोक म्हणतात, सरकारकडे पैसे नाहीत, नाहीतर कोणीतरी खाल्ले. कधी ते खरंही असेल. पण मी जे रोज पाहिलं ते निराळं होतं आणि तसं साधं होतं. औषध लागतं आज आणि मागायचं असतं आदल्या वर्षी. मागणीपत्र आमच्याकडून जिल्ह्याला, तिथून मुंबईला. मग निविदा, दर करार, पुरवठा आदेश. माल जिल्हा औषध भांडारात उतरला की नमुने प्रयोगशाळेत, आणि अहवाल चांगला आला की खोकी आमच्या गाडीत. खरेदी कोणी करायची हेही बदलत गेलं. २०१७ मध्ये ते काम हाफकिन महामंडळाकडे गेलं, २०२३ मध्ये त्यासाठी राज्याने कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसकट उपचार मोफत झाले. यंत्रणा कुठलीही असो, मागणीपत्रातला एक रकाना जागचा हलला नाही : 'मासिक सरासरी खप'.

या रकान्याशी माझं भांडण आहे.

आमच्याकडे साप चावतो तो भात लावणीत आणि कापणीत. फुरसं बांधावरच्या दगडात असतं, मण्यार रात्री अंथरुणात शिरते. विष चढलेला माणूस आला की प्रतिविषाच्या सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. कुपीत पांढरी भुकटी असते, प्रत्येकीत पाणी घालून ती हलक्या हाताने फिरवत विरघळवायची, जोरात हलवली तर फेस होतो. एका जुलैच्या रात्री असे तीन जण आले. सिस्टर एका बाजूला, मी एका बाजूला, दोघी कुप्या फिरवत बसलो होतो. रात्रीतून तीस कुप्या. फेब्रुवारीत पूर्ण महिन्यात एकही नाही. आता काढा सरासरी! तीन उन्हाळ्यांत कुप्या मुदतीकडे सरकतात आणि श्रावणात शेजारच्या रुग्णालयाकडे हात पसरावा लागतो. त्यात घाटात दरड कोसळली तर पाहायलाच नको.

विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी विंचूदंशावर किती उपयोगी आहे हे दाखवून दिलं, १९८६ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पण गोळी मुळात रक्तदाबाची. मला एकदा वरून विचारणा आली, रक्तदाबाला दुसऱ्या गोळ्या असताना ही कशाला? मी उत्तरात फक्त विंचूदंशाच्या केसपेपरांच्या झेरॉक्स लावल्या.

सगळा दोष वरच्यांचा, असं नाही. एकदा माझ्याच हातून घोटाळा झाला. आयएलआर म्हणजे लसींचा वरून उघडणारा फ्रिज. आत २ ते ८ अंश, आणि तळ सगळ्यात गार. हिपॅटायटिस-बीची लस गोठली की कामातून गेली, म्हणून ती वरच्या टोपलीत ठेवतात. घाईत मी खोका तळाशी ठेवला. सकाळी शंका आली. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवली, वितळू दिली, मग ती आणि संशयित कुपी एकत्र हलवून टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या. गोठवलेल्या कुपीत गढूळपणा भराभर खाली बसतो, वर नितळ पाणी राहतं. माझी दुसरी कुपीही तशीच नितळत गेली, अगदी बरोबरीने. मी घड्याळाकडे न बघता नुसती बघत बसले.

त्या कुप्या आमच्याच माणसांसाठी आल्या होत्या : सिस्टर, लॅबवाले, सफाईच्या मावश्या. कचऱ्यातली सुई आधी मावश्यांनाच टोचते. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस. त्यांचा तिसरा लांबला. शेरा माझ्या नावावर आला, तो रास्तच होता. मावशी एवढंच म्हणाल्या, "बाई, आमचं काय, आम्ही शेवटीच असतो." तो शेरा जास्त लागला.

पण सरासरीपेक्षाही वाईट एक गोष्ट त्या रकान्यात दडलेली असते. चार महिने एखादं औषध आलंच नाही, तर त्या चार महिन्यांचा खप शून्य. खप शून्य म्हणून सरासरी कमी, सरासरी कमी म्हणून पुढची मागणी कमी. ज्यांना आम्ही बाहेरून आणायला सांगितलं, ते कागदावर आजारीच पडलेले नसतात. तामिळनाडूने १९९४ साली औषधांसाठी वेगळं महामंडळ काढलं. तिथे प्रत्येक रुग्णालयाला पासबुक मिळतं. आपल्या वाट्याच्या रकमेतून भांडारातून गरजेप्रमाणे माल उचलायचा. ते वाचल्यावर मी आपली शंभर पानी वही घातली. खिडकीवरून रिकाम्या हाताने गेलेला प्रत्येक माणूस तिच्यात : तारीख, औषध, किती दिवसांचं. नाव नाही. मागणीपत्रासोबत त्याची बेरीज जोडायची. कधी मान्य व्हायची, कधी नाही.

निवृत्त होताना वही नव्या मुलाच्या हातात दिली. तो संगणकासमोर बसला होता. चाळून म्हणाला, "मॅडम, हे कुठल्या रकान्यात भरायचं?"

"रकाना नाही रे," मी म्हटलं. "शेऱ्यात लिही."

त्याने लिहायला घेतलं, तर शेऱ्याची जागा दोन ओळींत संपली.