गिऱ्हाईक नावाचं हत्यार

२०२५च्या ऑक्टोबरअखेर धर्माबादच्या मोंढ्यात नवं सोयाबीन यायला लागलं होतं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसानं नांदेड जिल्ह्याची दैना करून झाली होती. कापून रचलेल्या गंजी भिजल्या, शेंगांना झाडावरच कोंब फुटले, वाचला त्या मालात ओलावा जास्त. हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आणि बोली त्यापेक्षा हजारभरानं खाली. याच दिवसांत, ३० ऑक्टोबरला, दक्षिण कोरियात बुसानला डोनाल्ड ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले. सहा वर्षांनी ही दोन माणसं समोरासमोर बसली, आणि बैठकीनंतर अमेरिकेनं मिरवून सांगितलेल्या गोष्टींत एक होती सोयाबीन. वर्षाखेरीपर्यंत चीन १ कोटी २० लाख टन घेणार, पुढची तीन वर्षं दरसाल अडीच कोटी टन. यातला पहिला आकडाच भारताच्या अख्ख्या हंगामाच्या जवळ जातो.

क्षेपणास्त्रं, तैवान, चिप एवढे विषय पडलेले असताना हे सोयाबीन मधेच कुठून आलं? याचं उत्तर आहे चीनच्या गोठ्यांत, किंवा खरं तर डुकरांच्या वाड्यांत. जगातली जवळपास निम्मी डुकरं चीनमध्ये आहेत. डुकरं आणि कोंबड्या वाढतात पेंडीवर, आणि चीनचं स्वतःचं सोयाबीन उत्पादन दोन कोटी टनांच्या आसपास. उरलेलं बाहेरून. २०२४ साली त्यानं सुमारे साडेदहा कोटी टन सोयाबीन आयात केलं. जगात जहाजांवर चढणाऱ्या सोयाबीनपैकी निम्म्याहून अधिक एकाच देशाच्या बंदरांत उतरतं.

बाकी हिशेब सगळ्यांना साधारण ठाऊक असतो. अमेरिकेची अर्थव्यवस्था २०२४मध्ये सुमारे २९ लाख कोटी डॉलरची, चीनची १९ लाख कोटींच्या अलीकडे. लष्करावर अमेरिकेनं त्या वर्षी ९९७ अब्ज डॉलर खर्च केले. चीनचा खर्च स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या अंदाजानुसार ३१४ अब्ज. अमेरिकेकडं ११ विमानवाहू नौका, चीनची तिसरी, ‘फुजियान’, नोव्हेंबर २०२५मध्ये नौदलात आली. युद्धनौकांच्या नुसत्या संख्येत चीन पुढं गेला आहे, अण्वस्त्रांत बराच मागं आहे. वर्तमानपत्रांत या तक्त्यांना मोठी जागा मिळते. या भांडणात रोज वापरलं जाणारं हत्यार मात्र त्या तक्त्यांत नसतं. ते हत्यार म्हणजे गिऱ्हाईक.

आधी उलट समज होता: माल ज्याच्याकडं, जोर त्याचा. मराठवाड्यात हे कुणाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. १९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो खाल्लेली पिढी अजून गावागावांत आहे. त्याआधी १९६५ ते ६७ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी भारताला जाणारा गहू एकदम न देता थोडा थोडा सोडला होता. व्हिएतनामबद्दल दिल्ली काय बोलते याकडंही त्यांचं लक्ष असे. देणाऱ्यानं हात आखडला की घेणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, हे तेव्हा खरंच होतं.

मग अमेरिकेनं तोच हात दोनदा आखडला आणि दोन्ही वेळा स्वतःचीच बोटं पोळून घेतली. जून १९७३मध्ये देशातली महागाई आटोक्यात आणायला रिचर्ड निक्सन यांनी सोयाबीनची निर्यात रोखली. तेव्हा उगवती आर्थिक सत्ता होती जपान, आणि जपानचं बहुतेक सोयाबीन अमेरिकेतून यायचं. टोफू आणि मिसो खाणारा देश हबकला. बंदी थोड्याच काळात उठली, पण जपाननं धडा घेतला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यानं ब्राझीलशी करार करून तिथल्या सेराडो नावाच्या ओसाड, आम्ल जमिनीच्या पठारावर पैसा आणि तंत्र ओतायला सुरुवात केली. दुसरी खेप १९८० सालची. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या म्हणून जिमी कार्टर यांनी १ कोटी ७० लाख टन धान्य रशियाला द्यायचं नाकारलं. रशियानं ते मुख्यतः अर्जेंटिनाकडून घेतलं. अमेरिकी शेतकरी कार्टरवर चिडले, आणि पुढच्याच वर्षी रोनाल्ड रेगन यांनी ती बंदी उठवली.

सेराडो आता जगातल्या सर्वांत मोठ्या सोयाबीन पट्ट्यांपैकी एक आहे. जपाननं भीतीपोटी लावलेलं ते रोप चीनच्या उपयोगी पडलं, हा इतिहासाचा खोडसाळपणाच.

जुलै २०१८मध्ये ट्रम्प यांनी चिनी मालावर कर लावला तेव्हा चीननं त्याच दिवशी अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के कर लावला. निशाणा नीट धरलेला होता: आयोवा, इलिनॉय, नेब्रास्का; ट्रम्प यांना मत देणारे शेतकरी. अमेरिकेची चीनला होणारी निर्यात वर्षभरात तीन कोटी टनांवरून एक कोटीच्या खाली आली. शिकागोच्या वायदेबाजारात सोयाबीनचा दर दशकातल्या तळाला गेला. जहाजं ब्राझीलकडं वळली. २०२५मध्ये पुन्हा तेच, आणखी नेटानं. सप्टेंबरमध्ये चीननं अमेरिकेतून सोयाबीनचा एक दाणाही उतरवून घेतला नाही. बुसानमध्ये ट्रम्प यांनी जे ‘मिळवलं’ ते पूर्वी न भांडता विकलं जात होतं तेवढंच, किंवा त्याहूनही कमी. त्याखेरीज डिसेंबरमध्ये अमेरिकेला आपल्या शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर करावी लागली. आपल्याकडं २०२३च्या पडलेल्या भावापोटी राज्य सरकारनं हेक्टरी ५,००० रुपये दिले, तेही दोन हेक्टरपर्यंत. तुलना वाचकांनी आपापल्या रक्तदाबाच्या बेतानं करावी.

विकणाऱ्याचं हत्यार बोथट झालं असं मात्र नाही. माल दुसरीकडं मिळत नसेल तर ते आजही चालतं. एप्रिल २०२५मध्ये चीननं सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारींपासून लढाऊ विमानांपर्यंत लागणारी जी चुंबकं यातून बनतात, त्यांतली नव्वद टक्क्यांच्या आसपास चीनमध्ये तयार होतात. झळ चाकणच्या वाहन कारखान्यांपर्यंत पोचली. सोयाबीनला सेराडो सापडला, चुंबकाला अजून सापडलेला नाही. चीनला स्वतःच्या पोटाचीही चिंता आहे. ब्राझीलचा माल आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरातून आणि मलाक्काच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जातो, आणि त्या पाण्यावर दबदबा अमेरिकी नौदलाचा. पेरूमध्ये चांकाय इथं चिनी सरकारी कंपनीनं बांधलेलं आणि नोव्हेंबर २०२४मध्ये खुद्द शी यांनी उद्घाटन केलेलं बंदर, किंवा वाढत चाललेलं चिनी नौदल, यांच्याकडं या बाजूनंही पाहावं. पेंडीची वाट आणि युद्धनौकांची वाट एकच आहे.

आता मोंढ्यात परत येऊ. भाव पडला की आपल्याकडं दोन उत्तरं तयार असतात. एक, ‘शिकागो पडलं’. दुसरं, ‘त्यांच्या भांडणाशी आपला काय संबंध?’ दोन्ही अर्धवट आहेत.

शिकागोत दर बुशेलला निघतो. सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे २७.२ किलो. दर दहा डॉलर आणि डॉलर ८८ रुपये धरला तर क्विंटल पडतो सुमारे ३,२३० रुपयांना. म्हणजे धर्माबादचा तेव्हाचा पडलेला भावसुद्धा शिकागोपेक्षा वरचा होता! अमेरिकेत एकरी १४ क्विंटलच्या आसपास पिकतं, आपल्याकडं देशाची सरासरी एकरी चारच्या आसपास. तो माल सरळ इथं उतरला तर आपला शेतकरी एक हंगामही टिकणार नाही. तो उतरत नाही, कारण मधे भिंत आहे: जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनला मज्जाव आणि तेलावरचा आयात कर.

या भिंतीची उंची वॉशिंग्टन किंवा बीजिंग ठरवत नाही, दिल्ली ठरवते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचा कर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेला, तेव्हा सोयाबीनवाल्यांना जरा आशा वाटली. मे २०२५च्या अखेरीस, पेरणीच्या तोंडावर, तो साडेसोळावर आणला. त्याआधीचं उदाहरण तर अधिक बोलकं आहे. २०२१च्या उन्हाळा-पावसाळ्यात जगातच तेजी होती. आफ्रिकन स्वाइन फीवरनं डुकरं मेल्यावर चीन त्यांची संख्या पुन्हा वाढवत होता आणि पेंडीला मागणी होती. लातूरला सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं. ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जनुकीय बदल केलेली सोयापेंड आणायला परवानगी दिली. नवा माल येईपर्यंत भाव निम्म्यावर आला होता आणि डिसेंबरमध्ये वायदेबाजारही बंद केला गेला. कोंबड्यांच्या खाद्याची महागाई हे कारण खोटं नव्हतं. पण तेजी आली की भिंत उतरते आणि मंदीत ती चढायला वेळ लागतो, हा अनुभव काही एका वर्षाचा नाही.

क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं १८ किलोच्या आसपास, बाकी जवळजवळ सगळी पेंड. त्यामुळं पेंड विकली गेली नाही तर तेलाची तेजी एकटी भाव उचलू शकत नाही. आणि पेंडीला आता घरातच स्पर्धक आला आहे: मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा स्वस्त, प्रथिनांनी भरलेला चोथा. २०१८मध्ये चीन-अमेरिका भांडण पेटलं तेव्हा आपली पेंड चीनला जाईल असं बरंच बोललं गेलं. त्या ऑक्टोबरात चीननं आपल्या मोहरी-पेंडीवरची बंदी उठवली खरी, पण सोयापेंडीची मोठी खरेदी काही झाली नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो, पण त्या तिसऱ्याकडं ब्राझीलएवढा माल आणि ब्राझीलएवढा दर लागतो.

सोयाबीनचं हे झालं. राहिली मोंढ्यातली मिरची. धर्माबादचं नाव बाहेर होतं ते लाल मिरचीनं आणि तिखटाच्या गिरण्यांनी. सीमा ओलांडली की तेलंगण, आणि पुढं खम्मम, गुंटूर हे देशातले मोठे मिरची-बाजार. भारतातून वर्षाला सहा-सात लाख टन मिरची बाहेर जाते आणि तिचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहे चीन. त्यांना लागते ‘तेजा’: हॉटपॉटच्या रश्शात घालायला आणि अर्क काढायला. जून २०२०मध्ये गलवानला आपले २० जवान शहीद झाले, पंधरवड्यात ५९ चिनी ॲप बंद झाली, चिनी वस्तू फोडण्याचे व्हिडिओ फिरले. मिरचीची जहाजं चालूच राहिली. त्यात शेतकऱ्याचा किंवा व्यापाऱ्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. माल तयार होता आणि पैसे रोख होते.

पण आयोवाच्या शेतकऱ्याची जी अवस्था झाली तिची सगळी सामग्री इथंही मांडलेली आहे: एक पीक, एक मोठं गिऱ्हाईक, आणि त्या गिऱ्हाइकाशी आपल्या देशाचं सीमेवर न मिटलेलं भांडण. फरक एवढाच की आयोवाच्या पाठीशी १२ अब्ज डॉलर होते. फेब्रुवारी २०२५मध्ये मिरची पडली तेव्हा केंद्रानं आंध्रसाठी ११,७८१ रुपये क्विंटलच्या दरानं बाजार हस्तक्षेप योजना जाहीर केली. भावातला फरक भरून द्यायचा, तोही ठरावीक मालापुरता. चीन स्वतः शिनजियांग आणि ग्वेझौ प्रांतांत मिरची पिकवतो. उद्या त्यानं एक हंगाम तेजाची खरेदी आखडती घेतली, तर गुंटूर-खम्ममचा तो माल देशातच फिरणार, आणि त्याच्या वाटेवर धर्माबाद फार लांब नाही. तिखटाच्या गिरण्यांना तो स्वस्त पडेल. धर्माबाद-बिलोलीत ज्यानं स्वतःच्या रानात मिरची लावली आहे, त्याला त्याच ढिगाशेजारी आपलं पोतं उघडून बोलीची वाट पाहावी लागेल.