सॉफ्टवेअर नेमकं कुठे विकलं जातं?

विषय कराचा असला तरी मुळात प्रश्न जुनाच आहे. ज्या वस्तूला वजन नाही, आकार नाही, ती विकली म्हणजे कुठे विकली? पुण्यात बसून कुणी प्रोग्रॅम लिहिला, तो ठेवलाय सिंगापूरच्या सर्व्हरवर, आणि म्युनिकच्या एका गृहस्थाने तो घरच्या संगणकावर उतरवून घेतला. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही यावर अख्खी सहामाही काढली असती. युरोपच्या कायद्याने एका वाक्यात मिटवलं: ग्राहक जिथे, विक्री तिथे.

आता आपल्याकडे निर्यातीवर जीएसटीचा दर शून्य. एलयूटी दाखल करायचं, पैसे परकीय चलनात आणायचे. त्यावरून पुष्कळांना वाटतं, कर संपला. संपला तो इथला! जर्मनीचा 19 टक्के व्हॅट आहेच, आणि तो गोळा करून भरायचा विकणाऱ्याने. युरोपातल्या लहान विक्रेत्याला वर्षाला 10,000 युरोंपर्यंत परदेशी ग्राहकांनाही स्वतःच्या देशाचा दर लावता येतो. आपल्याला ती सोय नाही, पहिल्या ग्राहकापासून कर लागू. आपण किंमत नुसती 100 युरो लिहिली असेल, तर कर त्यातूनच जातो, 15 युरो 97 सेंट. नफाच वीस टक्के असेल तर हातात काय उरतं, बघा.

सत्तावीस देशांत वेगवेगळी नोंदणी मात्र करावी लागत नाही. 1 जुलै 2021पासून 'वन स्टॉप शॉप' आहे. कुठल्याही एका देशात नोंदणी करायची, तिमाही विवरणपत्र तिथेच भरायचं. दर मात्र ग्राहकाच्या देशाचा, लक्झेंबर्गला 17, हंगेरीला 27. ग्राहक कुठला हे ठरवायला साधारणपणे दोन पुरावे लागतात, बिलाचा पत्ता, बँक, आयपी पत्ता यांपैकी, आणि ते एकमेकांच्या विरोधात जाता कामा नयेत. आपल्या नैयायिकांना हे आवडलं असतं! या नोंदी दहा वर्षं जपायच्या. ग्राहक नोंदणीकृत कंपनी असेल तर तिचा व्हॅट क्रमांक घ्यायचा, युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर पडताळायचा. मग कर तीच भरते.

अमेरिकेत केंद्राचा विक्रीकरच नाही, राज्याराज्यांचा आहे. 2018च्या वेफेअर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यात दुकान नसलं तरी कर मागता येतो. साउथ डाकोटाची मर्यादा होती वर्षाला एक लाख डॉलरची. पण सॉफ्टवेअरवर कर आहे का, इथेच मतभेद. न्यूयॉर्क तयार सॉफ्टवेअरवर घेतं, कॅलिफोर्निया नुसत्या इंटरनेटवरून उतरवलेल्यावर घेत नाही.

हे सगळं एकट्याच्या आवाक्याबाहेरचं वाटतं, म्हणून मध्यस्थ कंपन्या आल्या. त्या कमिशन घेतात, कागदोपत्री स्वतः विक्रेत्या होतात, कर त्याच भरतात. नुसतं पेमेंट गेटवे म्हणजे मात्र हे नव्हे. तो पैसे आणून देतो, करदायित्व आपल्याकडेच राहतं. तेव्हा ग्राहकाच्या बिलावर विक्रेता म्हणून कुणाचं नाव छापलंय, ते आधी पाहावं.