खर्जाला बैठक हवी

तानपुऱ्याच्या चार तारांपैकी शेवटची तार खर्जाची. मैफलीत ती वेगळी अशी कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु ती उतरली, की गाणाऱ्याला पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. आधुनिक वाद्यवृंदात हेच काम बास गिटार करते. तिच्या चार जाड तारांवर वाजणारे मंद्र स्वर श्रोता मुद्दाम ऐकत नाही. मात्र ते नसले तर गाणे पोकळ झाले आहे एवढे त्याला नक्की जाणवते. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बास गिटार असे. त्या गीतांवर ठेका धरणाऱ्या किती जणांनी त्यांचे नाव ऐकले असेल?

या वाद्याची एक अडचण अशी की, त्याला स्वतःचा आवाज जवळजवळ नाही. सतारीला भोपळा आहे, व्हायोलिनला पोकळ अंग आहे. बास गिटार म्हणजे बहुधा भरीव लाकडाची फळी. तिचा आवाज जन्माला येतो तो ॲम्प्लिफायरमध्ये आणि स्पीकरच्या खोक्यात. वादक या खोक्याला कॅबिनेट म्हणतात. म्हणूनच वाद्य घेतल्यावर दुसरा आणि पुष्कळदा अधिक खर्चाचा प्रश्न घरात उभा राहतो: हे सामान कोणते घ्यावे?

जबलपूरला आमच्या ताईच्या घरी हा प्रश्न गेल्या वर्षी उभा राहिला. जबलपूर मराठी माणसाला परके नाही. १९५६ पर्यंत ते नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते. रेल्वे, न्यायालये आणि १९०४ पासूनचा तोफगाड्यांचा कारखाना यांच्या निमित्ताने कित्येक मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली. ताईची मुलगी अभियांत्रिकीचे शिक्षण घेते आणि मैत्रिणींच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजविते. गणेशोत्सवातील कार्यक्रमात तिने घरी सरावाला वापरायचा ३० वॅटचा लहान ॲम्प्लिफायर मंचावर नेला. ड्रम सुरू झाले मात्र, आणि तिचा स्वर कोठच्या कोठे नाहीसा झाला. तिने बटण शेवटपर्यंत फिरविले, तेव्हा स्वराऐवजी फडफड ऐकू येऊ लागली. मागल्या रांगेत बसलेल्या तिच्या आजीने घरी आल्यावर सरळ विचारले, “तू वाजवत होतीस की नुसती उभी होतीस?”

मुलीच्या मनाला ते लागले. आजीलाही आपल्या बोलण्याची रुखरुख लागली असावी. कारण पेन्शनमधून साठविलेली रक्कम तिने दुसऱ्या दिवशी नातीच्या हाती ठेवली. मी दिवाळीला गेलो तेव्हा भाचीने निवड जवळजवळ केलेली होती. “मामा, हा ५०० वॅटचा आहे,” ती म्हणाली. “३० वॅटच्या सोळापट! आता तरी आजीला ऐकू येईल ना?”

दाजींना हा हिशेब पटत नव्हता, पण खोडता येत नव्हता. त्यांच्या परिचयाचे एक निवृत्त तंत्रज्ञ शेजारीच राहत. उभे आयुष्य ध्वनियंत्रे दुरुस्त करण्यात गेलेल्या या काकांना त्यांनी चहाला बोलाविले. त्या संध्याकाळी काकांनी जे समजावून दिले, ते अशाच विवंचनेत असलेल्या अनेक घरांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहे.

काकांनी पहिली गोष्ट सांगितली ती वॅटची. “वॅट म्हणजे आवाज नव्हे, बेटा. वॅट म्हणजे वीज.” आवाज डेसिबलमध्ये मोजतात. वॅट दुप्पट केले, तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो फरक थोडासाच वाटतो. आवाज दुप्पट झाला असे वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. म्हणजेच सोळापट वॅट घेऊन आवाज सोळापट होणार नव्हता. तो दुपटीच्या थोडा पुढे गेला असता. त्यात आपला कान खर्जाच्या बाबतीत मंद आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की मधल्या पट्टीतील स्वराइतकाच मोठा भासावा यासाठी खालच्या स्वराला कितीतरी अधिक जोर लागतो. गिटारवादकाचे ५० वॅटमध्ये भागते, तेथे बासवादकाला ३०० लागतात, ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट हवेची. बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते आणि तिची ध्वनिलहर ८ मीटरांहून लांब, म्हणजे सुमारे २७ फूट असते. एवढी लहर उठवायची तर पुष्कळ हवा ढकलावी लागते. स्वर एका सप्तकाने खाली गेला, की तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेमागे हलावे लागते. लहान पडद्याला ते झेपत नाही. भाचीने ऐकलेली फडफड ती हीच. शिवाय पडदा पुढे हवा दाबतो तेव्हा मागे ती विरळ करतो. स्पीकर उघडा ठेवला, तर खालच्या स्वरांत या पुढच्या-मागच्या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. खोके असते ते मागची लहर कोंडून ठेवण्यासाठी. काही खोकी पूर्ण बंद असतात. काहींना मुद्दाम भोक ठेवलेले असते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जसा घुमार निघतो, तसा घुमार त्या भोकातून एका ठराविक स्वराच्या आसपास मिळतो. बंद खोक्याचा स्वर आटोपशीर असतो, तर भोकाच्या खोक्याचा भरघोस.

मग काकांनी एक प्रयोग केला. भाचीच्या त्याच ३० वॅटच्या ॲम्प्लिफायरला बाहेरचा स्पीकर जोडण्याची सोय होती. त्यांनी एका मंडळाकडून मागून आणलेले, चार दहा-इंची स्पीकरांचे कॅबिनेट त्याला जोडले. यंत्र तेच, वॅट तेवढेच. पण मुलीने तार छेडताच कपाटातील भांडी थरथरली. ताई स्वयंपाकघरातून धावत आली.

“पाहिलेस?” काका म्हणाले. “आधी खोके निवडावे, मग यंत्र.”

कॅबिनेटच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात. एक वॅटचा. तो आवाज सांगत नाही. स्पीकर किती वीज सोसेल एवढेच सांगतो. दुसरा आकडा संवेदनक्षमतेचा: १ वॅट दिल्यास १ मीटरवर किती डेसिबल मिळतील. ग्राहक बहुधा पहिला वाचतात आणि दुसरा सोडून देतात. वास्तविक ९४ डेसिबलचे खोके सोडून १०० डेसिबलचे घेतले, तर ६ डेसिबलचा लाभ होतो, आणि तो चौपट शक्तीचा ॲम्प्लिफायर घेण्याइतका आहे. मात्र येथे निसर्गाचा एक कायदा आड येतो. प्रख्यात पियानोवादक योझेफ हॉफमन यांचे पुत्र ॲन्टन हॉफमन हे स्पीकरांच्या रचनेचे अभ्यासक होते. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा: खोके लहान असावे, खर्ज खोलवर जावा आणि थोड्या विजेत मोठा आवाज निघावा, या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच मिळतात. तिन्ही देतो म्हणणाऱ्या दुकानदारापासून सावध राहावे.

तिसरी गोष्ट जोडणीची. प्रत्येक कॅबिनेटवर ओहमचा आकडा असतो, बहुधा ८ किंवा ४. नेहमीच्या पद्धतीने ८ ओहमची दोन खोकी एका ॲम्प्लिफायरला जोडली, की मिळून ४ ओहम होतात. ४ ओहमची दोन जोडली, की २. आकडा जितका लहान, तितका ॲम्प्लिफायरवरचा भार मोठा. एकाच टाकीचे दोन नळ सोडले की पंपावर ताण यावा तसा. ॲम्प्लिफायरवर “किमान ४ ओहम” असे लिहिले असेल, तर त्याखाली उतरू नये; यंत्र तापते, बंद पडते, प्रसंगी जळते. पुढे दुसरे कॅबिनेट जोडण्याची इच्छा असेल, तर पहिले ८ ओहमचेच घ्यावे. तसेच ॲम्प्लिफायरपासून खोक्यापर्यंत स्पीकरचीच जाड वायर वापरावी, गिटारची बारीक वायर नव्हे. जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असेल, तर तो स्पीकर जोडल्यावाचून कधीही चालवू नये.

या सामानाचा इतिहासही बोधप्रद आहे. लिओ फेंडर यांनी अमेरिकेत १९५१ मध्ये आपली बास गिटार विक्रीस आणली आणि पुढल्याच वर्षी, १९५२ मध्ये, तिच्यासाठी एका पंधरा-इंची स्पीकरचा वेगळा ॲम्प्लिफायर काढावा लागला. पुढे मैदाने मोठी झाली, तेव्हा अँपेग कंपनीने १९६९ मध्ये ३०० वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बनविला. तो एकट्याने उचलणे कठीण, आणि त्याबरोबरचे आठ दहा-इंची स्पीकरांचे खोके म्हणजे दोघांचे काम. आता काळ पालटला आहे. नव्या पद्धतीचे ५०० वॅटचे ॲम्प्लिफायर दोन-तीन किलोंचे असतात, आणि निओडिमियमच्या चुंबकांमुळे स्पीकरही हलके झाले आहेत. ज्या मुलीला ऑटोरिक्षातून सामान न्यायचे आणि जिना चढवायचा, तिच्या दृष्टीने किलोचा आकडा वॅटच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

चौथी गोष्ट जागेची. गोलबाजारातील शहीद स्मारकासारख्या बंद सभागृहात भिंती खर्ज परत फेकतात. काही जागी तो दाटून येतो, तर काही जागी नाहीसा होतो. कॅबिनेट कोपऱ्यात ठेवले, तर खर्ज फुगतो आणि गायिकेचे शब्द गढूळ होतात. अशा वेळी ते कोपऱ्यातून काढावे, खुर्चीवर ठेवून वादकाच्या कानाच्या दिशेने वळवावे आणि सर्वांत खालचे स्वर थोडे कमी करावे. उलट भेडाघाटला नर्मदा महोत्सव होतो तशा उघड्या जागेत भिंतींचे साह्य मुळीच नसते. तेथे एकट्या कॅबिनेटने शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याचा हट्ट धरू नये. डी. आय. बॉक्स नावाच्या छोट्या डबीतून गिटारचा स्वर मंडपाच्या मुख्य ध्वनियंत्रणेत द्यावा. मग मंचावरचे कॅबिनेट केवळ वादकाला आणि तिच्या साथीदारांना ऐकू यावे एवढेच पुरते. ही सोय जेथे खात्रीने असते, तेथे मध्यम सामानात काम भागते, आणि पैसे वाचतात ते वेगळेच.

पाचवी गोष्ट काकांनी आवाज खाली आणून सांगितली. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. अमेरिकेतून आणलेले १२० व्होल्टचे यंत्र ट्रान्सफॉर्मरवाचून लावल्यास क्षणात जळते. पण यंत्र पुन्हा घेता येते. मंडपात अर्थिंग नसते, कोणी प्लगची तिसरी पिन काढून टाकतो आणि तारांवर बोटे असताना वादकाचे ओठ मायक्रोफोनला लागतात. अशा क्षणी विजेचा धक्का प्राणावर बेतू शकतो. पावसाने जमीन ओली असेल, तर अधिकच. अर्थिंग आहे ना, आणि गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी बसविले आहे ना, हे विजेची कामे करणाऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय तारेला हात लावू नये. एवढा आग्रह धरणाऱ्या मुलीला कोणी हट्टी म्हटले तर म्हणू द्यावे.

आणि शेवटची गोष्ट कानांची. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसातून आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये अवघी पंधरा मिनिटे. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, म्हणून ड्रमजवळ उभे राहणाऱ्याने कानात बोळे अवश्य घालावे. शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते.

त्या संध्याकाळनंतर भाचीने ५०० वॅटचा विचार सोडला असे नाही. तिने त्याचा क्रम बदलला. काकांबरोबर जाऊन तिने आधी खोकी ऐकली. स्वतःची गिटार घेऊन, त्याच चार ओळी प्रत्येक खोक्यावर वाजवून. दोन दहा-इंची स्पीकरांचे, ८ ओहमचे, एकटीला उचलता येईल असे वापरलेले कॅबिनेट तिला पसंत पडले. त्याला साजेसा ३०० वॅटचा हलका ॲम्प्लिफायर घेतला. आजीच्या रकमेतून थोडे पैसे उरले, त्यांतून डी. आय. बॉक्स, चांगली वायर आणि चौघींसाठी कानांचे बोळे आले.

पुढल्या कार्यक्रमाला मी नव्हतो. ताईने दूरध्वनीवर वृत्तांत सांगितला. आजी पुन्हा मागल्या रांगेतच बसली होती, या वेळी हट्टाने. परत येताना ती बराच वेळ काही बोलली नाही. घराच्या पायऱ्या चढता चढता मात्र म्हणाली, “तुझे वाजवणे काही मला निराळे ओळखता आले नाही. पण आज गाण्याला बैठक होती.”

नातीने आजीला वाकून नमस्कार केला. खर्ज वाजविणाऱ्याला यापेक्षा मोठी पावती कोणती मिळणार?