पदकाची कड

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आपल्या घरोघरी काय चालते ते कड्याच्या मंडळींना सांगायला नको. विळे, कुऱ्हाडी, अडकित्ते, एखाद्या घरी माळ्यावरची गंजकी तलवार, असे सगळे अंगणात येते आणि चिंच, मीठ व राख घेऊन लहानथोर घासायला बसतात. ज्या घरातला कोणी पूर्वी पलटणीत होता, त्या घरी याच वेळी एक लहानशी डबी उघडते व तीतून पदक बाहेर निघते. तेही याच चिंचेने घासले जाते आणि झळझळीत होऊन पूजेच्या पाटावर बसते. हे सारे आदराने होते यात शंका नाही. परंतु या आदराने पदकाचे काय होते, हा आमचा विषय आहे. गावाचे नाव कडा आणि विषयही कडेचाच, हा मात्र निव्वळ योगायोग.

आमच्याच घरची हकिकत सांगतो. आजोबांचे थोरले बंधू पहिल्या महायुद्धात मेसापोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेले ते परतले नाहीत. मागाहून घरी एक रुप्याचे पदक आले. एका अंगास पंचम जॉर्ज बादशहाचे मस्तक, दुसऱ्या अंगास घोडेस्वार आणि 1914 व 1918 ही साले. व्यास 36 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दीड इंच. या पदकाच्या कडेवर बारीक रोमन अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आमच्या घरच्या पदकाने अशा कितीतरी खंडेनवम्या पाहिल्या. आम्ही स्वतः लहानपणी ते राखेने घासले आहे व त्याबद्दल शाबासकीही मिळविली आहे. पुढे त्या माणसाचा काही ठावठिकाणा लागतो का, हे पाहावे म्हणून भिंग घेऊन कड वाचायला बसलो, तो नंबरातले दोन आकडे नाहीसे झालेले! नाव कसेबसे लागत होते. पण एका पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत. नंबराशिवाय त्यांतला आमचा कोणता, हे कसे ठरवावे?

कोणी म्हणेल, नाव पुसले तर पुसले, सरकारी दप्तरात असेलच की. त्यासाठी थोडे दूर जाऊ. 6 वी पुणे डिव्हिजन मेसापोटेमियात लढत होती. तीत 103, 110 व 117 या नंबरांच्या मराठा पलटणी होत्या. कुत येथे डिसेंबर 1915 मध्ये या फौजेला वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 रोजी तिने शस्त्रे खाली ठेवली. त्या मोहिमेत जे मेले व ज्यांची थडगी ठाऊक नाहीत, अशा 40,000 हून अधिक माणसांसाठी 1929 साली बसरा येथे मोठे स्मारक उभारले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. पण हिंदी शिपायांचा उल्लेख पलटणवार नुसत्या संख्येने केला. आपल्याकडेही अनेक गावांच्या चावडीत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आढळतात. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढेच त्यांवर असते. तेथेही संख्याच. मग त्या शिपायाचे नाव धातूवर उमटलेले कोठे राहिले? बहुधा या चिमुकल्या कडेवर, आणि ज्यांच्या घरी मृतांच्या नावाची कांस्याची मोठी थाळी आली, त्यांच्याकडे त्या थाळीवर. ते आपणच राखेने घासून काढावे, हे काही बरे नव्हे.

आता चांदी काळी का पडते ते पाहू. हवेत गंधकाची वायुरूप संयुगे थोड्या प्रमाणात असतातच. चुलीचा धूर, कांदा, अंडी, लोकर व रबर यांच्या सान्निध्यात ती वाढतात. चांदीचा गंधकाशी संयोग झाला की पृष्ठभाग आधी पिवळसर, मग तपकिरी, मग निळसर-जांभळा आणि शेवटी काळा होतो. लोकांस वाटते की ही बाहेरून बसलेली घाण आहे. वस्तुतः त्या काळिमेच्या वजनात शंभरांत सत्त्याऐंशी भाग चांदीच असते, आणि ती पदकाचीच! काळिमा घासून काढणे म्हणजे पदकाचा एक पापुद्रा काढून टाकणे होय. एका वेळी तो इतका पातळ असतो की कळत नाही. पन्नास वर्षांनी कळते, आणि प्रथम कडेवरच कळते, कारण तेथील अक्षरे उथळ असतात.

शिवाय सर्वच पदके चांदीची नसतात, हे आधी ओळखले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाची ताऱ्याच्या आकाराची पदके तांबे-जस्ताच्या मिश्रधातूची आहेत. त्याच युद्धाचे गोल वॉर मेडल आणि आपले 1947 चे स्वातंत्र्यपदक ही तांबे-निकेलची. ती फारशी काळवंडत नाहीत, त्यांना नुसते पुसणे पुरे. महावीर चक्र व वीर चक्र चांदीची, तर परमवीर चक्र कांस्याचे. कांस्याचा तपकिरी रंग हा मळ नव्हे. तो रंग घासून सोन्यासारखा पिवळा केलेला पाहिला की आम्हांस वाईट वाटते.

चिंच-मिठाचे विशेष सांगितले पाहिजे. चिंचेतील आम्ल तांब्यावरचा थर विरघळवते हे खरे, परंतु मिठाचा अंश अक्षरांच्या खाचांत राहतो आणि पावसाळ्यात तेथे फिकट हिरवी भुकटी धरू लागते. ही कीड पुसली तरी पुन्हा येते. डब्यातल्या तयार पॉलिशांत बारीक खर असते व पुष्कळांत अमोनियाही असतो; तो तांब्याला खातो. ज्यात बुडविताच चांदी पांढरी होते, त्या सोनाराच्या द्रावणाने खाचांतला सावळेपणाही निघून जातो आणि चेहरा सपाट दिसू लागतो. ॲल्युमिनियमचा कागद आणि धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात चांदी उजळण्याची युक्ती ताटवाट्यांना चालेल, पदकाला नको.

मग करावे काय? पुष्कळदा काहीच करू नये, हे आमचे प्रामाणिक मत. प्रथम दोन्ही बाजूंचे आणि कडेचे छायाचित्र घ्यावे व कडेवरची अक्षरे वहीत उतरवून ठेवावी. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. बोटांच्या घामात मीठ असते, त्याचे ठसे धातूवर कायमचे उमटतात, म्हणून पदक स्वच्छ सुती कापडात धरावे. उघड्या बोटांनी कड धरण्याची सवय तर विशेष वाईट. तेलकट मळ असेल तर फीत काढून ठेवावी, कारण रेशमी फितीचा रंग पाण्यात सुटतो. फीत शिवलेली असेल तर पाण्याचा विचारच सोडावा. काढता आल्यास बॅटरीत घालण्याचे शुद्ध पाणी घेऊन त्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाकावा, काडीला गुंडाळलेल्या कापसाने हलके टिपावे, मग नुसत्या त्याच पाण्याने, आणि लगेच कोरडे करावे. घासावयाचे नाही, टिपावयाचे. हिरवी भुकटी दिसली तर बांबूच्या टोकदार काडीने कोरडीच काढावी. परत आली तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या ठिकाणी जतन-विभाग आहे, तेथील जाणकारांस विचारावे.

ज्याने स्वतः परेडसाठी रोज पदक घासले, त्याच्या हाताने झालेली झीज निराळी. ती त्याच्या नोकरीचाच भाग आहे, आणि तिचे दुःख करण्याचे कारण नाही.

ठेवण्याच्या बाबतीत थोडेच. जुन्या धुतलेल्या, खळ नसलेल्या धोतराच्या कापडात गुंडाळावे. लोकरीत, वर्तमानपत्रात किंवा रबर लावून ठेवू नये. चौकट करणारे कारागीर पदक मखमलीवर सरसाने चिकटवितात, ते करू देऊ नये. जुनी फीत विटली तरी फेकू नये. आणि खंडेनवमीला पदक पाटावर अवश्य मांडावे, फक्त हळदकुंकू पदकाला न लावता खालच्या पानाला लावावे. ओले कुंकू खाचांत बसले की निघता निघत नाही.

ज्यांच्या पदकाची कड आमच्यासारखीच झिजली आहे, त्यांच्यासाठी एक उपाय. रात्री खोली अंधारी करून विजेरीचा उजेड कडेवर अगदी तिरपा, जवळजवळ आडवा पाडावा आणि पदक हळूहळू फिरवावे. ठोकताना खालचा धातू दबलेला असतो, तेव्हा गेलेल्या अक्षराची सावली कधी कधी क्षणभर उमटते. आमच्या दोन आकड्यांपैकी एक असा सापडला. तो तीन आहे. दुसरा अद्याप लागलेला नाही.